सतरा इंची मॉनिटर

अण्णा,

आज ऑफिसात एका मुलाला मी नको तेवढं बोलले, आणि घरी येता येता लक्षात आलं की ते सगळं बोलणं खरं तर तुमच्या वाट्याचं होतं. मुलगा पुण्याचा, अलीकडेच बंगळूरला आलेला, मराठी ऐकायला मिळते म्हणून माझ्या टेबलापाशी घुटमळणारा. त्याच्या धाकट्या बहिणीला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फोनवर दोन लॅपटॉपचे फोटो दाखवत त्याने विचारलं, "मॅम, तेरा इंची घेऊ की सोळा इंची? सोळावाल्यात मेमरी थोडी कमी मिळते." मी म्हटलं, लहान घे, मेमरी जास्त घे, शिकायला तीच लागते. तो हसून म्हणाला, "हो, पण मॅम, मोठा जरा भारी दिसतो ना." झालं. "दिसतो म्हणजे? कुणाला दिसायचाय?" असं मी एवढ्या जोरात विचारलं की पलीकडच्या ओळीतल्या दोघांनी माना वर केल्या. बिचारा सॉरी म्हणून निघून गेला. त्याचा काही दोष नव्हता. तुम्ही समोर नाही, म्हणून तो सापडला.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं झाली, अजून तेच? हो, अजून तेच. नव्वदच्या दशकात, मी बीएस्सी होऊन जयनगरातल्या इन्स्टिट्यूटमध्ये सॉफ्टवेअरचा कोर्स घेतला, तेव्हाची गोष्ट. फी भरायला तुम्ही स्वतः आला होतात, खिशाला पेन लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. हे मी विसरलेले नाही. शाळा उघडायच्या हंगामात युनिफॉर्म शिवून शिवून तुमची पाठ धरलेली असायची, तरी "घरात कंप्यूटर घेऊ" असं तुम्ही आपणहून म्हणालात. आमच्या गल्लीत तेव्हा एकाही घरात तो नव्हता. मी आनंदाने वेडी झाले होते. आमच्या सरांना विचारून मी एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: स्क्रीन चौदा इंची चालेल, मेमरी मात्र सोळा एमबीच्या खाली नको. कारण आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइलर तपासतो, तेव्हा सगळा भार मेमरीवर पडतो. ती कमी असली की यंत्र मध्येच अडून बसतं. हे मी तुम्हाला जेवताना समजावून सांगितलं. तुम्ही "सरी, सरी, बरं" म्हणत ताक भुरकलंत, आणि मला वाटलं, पटलं.

एस. पी. रोडवरचं ते अरुंद दुकान मला अजून दिसतं. खाली खोक्यांचा ढीग, वर पंखा, आणि काउंटरवर तीन मॉनिटर ओळीने मांडलेले. दुकानदार माझी चिठ्ठी वाचतोय आणि तुम्ही त्या तिघांतल्या सगळ्यात मोठ्याकडे बघताय. मग तुम्ही दोन्ही हात पसरून त्याला म्हणता, "दोड्डदु. तो मोठा दाखव." तो म्हणतो, सतरा इंची आहे सर. लगेच तुमच्या गळ्यातला टेप निघतो. तुम्ही काच आडवी मोजता आणि भडकता. "सतरा कुठे आहे? फसवतोस काय?" तो बिचारा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून सांगतो, सर, असं तिरपं मोजतात. त्यावर तुम्ही भर दुकानात विचारलंत, "माणसाची छाती कोण तिरपी मोजतं रे?" दुकानातली सगळी माणसं हसली, मीही हसले. तो शेवटचा हसण्याचा क्षण. त्यानंतर दुकानदार म्हणाला, हा घेतला तर तुमच्या पैशांत मेमरी आठच बसेल. मी म्हटलं, "नको अण्णा, चौदाच घेऊ." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गप्प, सुम्ने बस ग पुट्टी. असल्या वस्तू वाढत्या अंगाच्याच घ्यायच्या." पुट्टी म्हणजे चिमुरडी, पण मी बावीस वर्षांची होते, अण्णा. शाळेच्या पोरांना पुढची दोन वर्षं पुरावा म्हणून तुम्ही सदरा ढगळ शिवत होतात, खालचं कापड आत दुमडून ठेवत होतात, ते ठीक. पण मी काही तुमचं चौथीतलं गिऱ्हाईक नव्हते. माझी चिठ्ठी काउंटरवरच राहिली.

घरी आल्यावर तो मॉनिटर कुठे ठेवायचा हेही तुम्हीच ठरवलंत. मी म्हटलं आतल्या खोलीत, खिडकीपाशी. तुम्ही म्हणालात हॉलमध्ये, दारासमोर. निळ्या चौकटीच्या युनिफॉर्मच्या कापडाचं कव्हर शिवलंत, त्याला झालर लावलीत. अम्माने हळदकुंकू वाहिलं. मग सुरू झाली यात्रा. शेजारची अक्का आली, तुमच्या दुकानातला कापड बेतणारा कटर आला, तुमच्या शिंपी संघातले सगळे आले. येईल त्याच्यासमोर मी कव्हर काढून तो सुरू करून दाखवायचा. आणि सगळे गेल्यावर मी प्रोग्रॅम चालवायला बसले की आतून करकर करकर आवाज यायचा, स्क्रीनवरचं वाळूचं घड्याळ उलटंच व्हायचं नाही, आणि शेवटी सगळं थिजायचं. बंद करा, पुन्हा सुरू करा, पुन्हा पहिल्यापासून लिहा. मी रडकुंडीला यायचे. तुम्ही शिवणाच्या मशीनवरून मान न वळवता म्हणायचात, "नवीन आहे, रुळेल." नवीन चप्पल रुळते अण्णा, आठ एमबी रुळत नाही.

आणि मग तो रविवार. हुब्बळ्ळीहून मंडळी मला बघायला येणार हे मला आदल्या दिवशी कळलं. कापडाचं मोठं दुकान, एकुलता मुलगा. अम्माने उप्पीट आणि केसरीबात केला. मला वाटलं मी ट्रे घेऊन यायचं, नेहमीसारखं. पण तुम्ही म्हणालात, ट्रे अम्मा आणेल, तू कंप्यूटरसमोर बस. गुलाबाचा फोटो दाखव. मी साडी नेसून, केसांत मोगरा माळून त्या सतरा इंचांसमोर बसले आणि मला सगळं कळलं. त्या दुकानात तुम्ही कुणासाठी हात पसरले होते, ते कळलं. फोटो वरून खाली एकेक ओळ उमटू लागला. निम्मा गुलाब आला आणि यंत्र अडलं. देठ नाही, पानं नाहीत, नुसता वरचा अर्धा. मुलाचे वडील म्हणाले, "मोठं आहे हो. आमच्या बँकेत पण एवढं नाही." तुमची छाती फुगली. मुलगा तोवर बुटांकडे बघत होता, त्याने हळूच विचारलं, "मेमरी किती आहे?" खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला. पण तेवढ्यात त्याच्या आईने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "हे मुलीसंगट येतंय न्हवं? दुकानाच्या बिलांना बरं पडंल."

तुम्ही एक क्षणही थांबला नाहीत. "येणार की! आमच्यात मुलगी मशीन घेऊनच जाते."

आमच्यात मुलगी मशीन घेऊनच जाते. खरंच आहे ते. शिंप्याच्या घरातून मुलगी निघाली की बरोबर शिवणाचं मशीन, म्हणजे तिला कुणापुढे हात पसरायला नको. अम्माही तुमकूरहून तसंच मशीन घेऊन आली होती, पायाचं, तिच्या वडिलांनी पै पै साठवून घेतलेलं. आणि ते कुठे गेलं? तुमच्या दुकानात. त्याच्यावर तुमचं दुकान उभं राहिलं, पुढे त्याला मोटर बसली, त्याच्यावर कारागीर बसले. अम्माने मात्र जन्मभर घरात जमिनीवर बसून हाताने काजं केली, बटणं टाकली. शर्टांच्या गठ्ठ्यामागे तिचं तोंड दिसायचं नाही. हे मी लहानपणापासून बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या रविवारी पहिल्यांदा वाटलं. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "मीच येत नाही, तर हे कशाला येईल?"

मंडळी केसरीबात अर्धवट ठेवून गेली. तुम्ही दार लावलंत आणि वळलात. "एवढं शिकवलं ते चारचौघांत माझं नाक कापायला?" मी म्हटलं, तुम्ही मला शिकवायला नाही, दाखवायला कंप्यूटर आणलात. तुम्ही म्हणालात, जीभ फार चालायला लागली. मी म्हटलं, अम्माची चालली असती तर तिचं मशीन तिच्याजवळ राहिलं असतं. अम्मा बशा उचलून आत गेली. "ते मशीन घराचं," तुम्ही म्हणालात. "घराचं म्हणजे कुणाचं?" मी विचारलं. तुम्ही चपला घातल्या आणि सुट्टीच्या दिवशी दुकान उघडायला निघून गेलात. उत्तर दिलं नाहीत. अजून दिलेलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण त्या सगळ्या काळात तुम्ही घरातच होतात, फक्त माझ्याशी बोलत नव्हतात. मी पहाटे इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये जाऊन, तिथल्या पिटुकल्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर माझा प्रोजेक्ट पुरा केला. घरचा मॉनिटर कव्हरखाली झाकून बसला होता. इंदिरानगरमध्ये एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसून अम्माला म्हणालात, "तिला विचार, बस कुठली धरणार." मी अम्माला म्हटलं, "त्यांना सांग, शिवाजीनगरहून बदलीन." अम्मा बिचारी आमच्या मधोमध बसून भात वाढत होती. हळूहळू आपण बोलायला लागलो, पण कशावर? बसवर, पावसावर, कारागिराच्या नखऱ्यांवर. दुकानात गिऱ्हाइकांना तुम्ही "आमची पुट्टी सॉफ्टवेअर करते" असं सांगायचात म्हणे. मला लोकांनी सांगितलं. मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? आणि मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना तुम्ही खाली बसलात ते पुन्हा उठलाच नाहीत. भांडण अर्धवट टाकून जायची ही काय रीत झाली? माझी बाजू मी मांडली होती. तुमची ऐकायची राहिली.

आता आम्ही देवनहळ्ळीकडे राहतो. जिथे द्राक्षाचे मळे होते तिथे घरांचे लेआउट झालेत, त्यातल्या एकात. अम्मा माझ्याजवळ असते. आज घरी आले तर ती सुपात वालाच्या शेंगा घेऊन अवरेकाळू सोलत होती. मी रागाने पर्स टाकली आणि त्या पुण्याच्या मुलापासून सुरुवात करून थेट तुमच्यापर्यंत आले. ती ऐकत राहिली. मग मी तिला ते विचारलं जे इतकी वर्षं मीच तिच्या वतीने बोलत होते. "अम्मा, अण्णांनी तुझं मशीन नेलं, तुला काय वाटलं ग?"

ती शेंग मोडत म्हणाली, "मागितलं असतं तर दिलंच असतं की. नको कशाला म्हणू? घर चालायचं होतं." मग म्हणाली, "मी माहेराहून परत आले ग. बघते तर जागा रिकामी. लाल जमिनीवर पायांच्या चार खुणा तेवढ्या. स्वल्प विचारायचं होतं त्यांनी. एवढंच." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तू बोललीस की त्या दिवशी. माझं पण झालं त्यात." पुढे असंही म्हणाली की तुझे अण्णा वाईट नव्हते. ते मला माहीत आहे. वाईट माणसावर इतकी वर्षं रागावून बसायला वेळ कुणाला आहे?

म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, हे लिहून झालं की मी मशीन बंद करणार आणि अम्माला अवरेकाळूचं सारू करायला मदत करणार. पण आज तिचं ऐकल्यापासून एक गोष्ट मनात खुपतेय, ती सांगून टाकते. राग गेलेला नाही, असं समजू नका. हुब्बळ्ळीला तर मी मेले तरी गेले नसते. पण त्या दुकानात, तुम्ही टेप घेऊन भांडत होतात तेव्हा, मी त्या मोठ्या मॉनिटरकडे बघत होते. त्याच्यावर माझा जवळजवळ सगळा प्रोग्रॅम एका वेळी दिसला असता, वरखाली करायला नको. मेमरी काय, पुढच्या दिवाळीला घातली असती. मला तो आवडला होता, अण्णा. तुम्ही एकदा मागे वळून विचारलं असतंत, "पुट्टी, कुठला घेऊ?", तर मीच म्हटलं असतं, मोठा घ्या.