मागच्या खोलीबाबत

मी, कुमुदिनी रघुवीर बोरगावकर, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार पलासिया, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसे डॉक्टर सुरभींनी मला तपासून लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर लाजेचा आहे, आणि ती कशाची हे पुढे येईलच. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वकील निधी ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिने छान टाइप केलेला मसुदा आणला होता, पण तो कोणत्याही म्हातारीला चालला असता, म्हणून मी परत केला.

माझ्या मागे माझा मुलगा नचिकेत, सून वल्लरी, त्यांची मुलगी आर्या (इयत्ता दुसरी) आणि नागपूरला दिलेली माझी मुलगी नीरजा एवढी माणसे आहेत. यजमान पूर्वीच गेले.

कलम १. बँकेतल्या ठेवी नचिकेत आणि नीरजा यांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात. पाटल्या व मोहनमाळ नीरजेला. माझा पृथ्वीचा गोल आर्याला. त्यावर अजून जुने देश आहेत, तेव्हा परीक्षेसाठी त्याचा उपयोग करू नये. माझ्या साड्यांवरून कोणी भांडेल असे वाटत नाही.

कलम २. शेजारच्या अरुंधतीबाईंकडे माझे पितळी पुरणयंत्र आहे. होळीला म्हणून नेले, ते कोणत्या होळीला हे आता दोघींनाही आठवत नाही. हे यंत्र त्यांनाच द्यावे असे माझ्या मनात होते. परंतु त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही न दिलेलेच बरे, असे निधीचे म्हणणे पडले. तेव्हा यंत्र त्यांनी वल्लरीला परत करावे. ते आपल्या माहेरचे आहे असे सांगणेही थांबवावे.

कलम ३. घर. हे माझ्या सासऱ्यांनी होळकर सरकारच्या नोकरीत असताना बांधले. तेव्हा समोरून टांगे जात आणि पुढे अंगण होते. रस्ता रुंद झाला तसे अंगण गेले. आज पुढच्या खोलीची खिडकी आणि सिग्नलला थांबलेली सिटी बस यांच्यामध्ये फक्त फुटपाथ आहे. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. वरच्या खोल्या माझे धाकटे दीर शामभावजी यांच्या कुलपात. घर निम्मे माझे, निम्मे त्यांचे.

माझा निम्मा हिस्सा मी सून वल्लरी हिला देते. नचिकेतला नाही. तो वडिलांच्या आठवणींनी हळवा होतो आणि विकायची वेळ आली की भिंतींकडे बघत बसतो. वल्लरीने हे घर विकावे आणि जिथे खिडकी उघडता येईल अशा ठिकाणी राहावे, ही माझी स्पष्ट इच्छा आहे. मी जिवंतपणीच का विकले नाही, असे निधीने विचारले. कारण भावजी सही देत नाहीत. ते देवासच्या पुढे शेताला लागून बंगला बांधून राहतात. वर्षातून एकदा येतात, पोहे-जिलेबी खातात आणि "वडिलांची वास्तू आहे, वहिनी," असे सांगून जातात. भावजींना माझी विनंती आहे की त्यांनी आठ दिवस पुढच्या खोलीत मुक्काम करावा, सकाळी रुमालात नाक शिंकरावे, रुमाल पाहावा आणि मग वास्तूबद्दल बोलावे.

कलम ४. मागची खोली.

ही मुळात धान्याची कोठी. एक खाट मावते, आणि आता खाटेशेजारी माझे ऑक्सिजनचे मशीन. पण तिची खिडकी मागच्या शाळेच्या मैदानावर उघडते आणि रस्ता तिथून ऐकूसुद्धा येत नाही. बोरगावकरांच्या घरात रीत अशी की मागची खोली घरातल्या वडीलधाऱ्या बाईची. ती गेली की तिच्या सुनेची. हे कोणी सांगत नाही. सून म्हणून आलेली बाई आपोआप शिकते.

मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत सासूबाई होत्या, सुलोचनाबाई. आम्ही दोघे पुढच्या खोलीत. तेव्हा रस्त्यावर काळा धूर सोडणारे टेम्पो असत. मी रोज पहाटे झाडू मारून, फरशी पुसून, खिडकीची जाळी झटकून घर आरशासारखे ठेवी. झटकलेली काजळी माझ्याच नाकात जाई, हे कळायला फार वर्षे लागली. नचिकेत लहान होता, थंडीत त्याची छाती वाजू लागे. तो रात्रभर बसून श्वास घेई. मी एकदा धीर करून सासूबाईंपुढे उभी राहिले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याच म्हणाल्या, "लहान मुलं खोकतातच. मोठी झाली की जातं."

त्यानंतर मी त्यांचा दुस्वास केला. दिसेल असा नाही. पानात तूप वाढताना, पाय चेपताना, मनातल्या मनात. हेही लिहून टाकते की मी त्यांच्या जाण्याची वाट पाहिली. तेराव्याचे पाहुणे गेले त्याच दुपारी मी माझी गादी उचलून मागे नेली. यजमान नुसते पाहत राहिले. मला लाज वाटली, पण गादी मी खाली ठेवली नाही.

मी शाळेत भूगोल शिकवला. हवेत धूलिकण असतात, त्यांच्याभोवती पाण्याचे थेंब जमतात, त्यांच्यामुळे मावळतीला रंग चढतात, हे मुलींकडून पाठ करून घेतले. ते कण पुढे जातात कुठे, हे एकाही मुलीने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. शिवाय आपले इंदूर स्वच्छतेत पहिले. आमच्या रस्त्यावर कागदाचा कपटा शोधून सापडत नाही. मी स्वतः ओला कचरा, सुका कचरा वेगळा करताना बहिणीला नाशिकला फोन लावून ऐकवत असे. जिथे जमीन इतकी स्वच्छ तिथे हवेत काय असणार, असे आम्हां सगळ्यांचेच झाले होते.

माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत असे निदान झाले तेव्हा घरातल्यांनी माझ्यासाठी काय केले नाही? मिरचीची फोडणी बंद. देवापुढची उदबत्ती बंद. रंगपंचमीच्या गेरला, त्या रंगांच्या मिरवणुकीला, जायचे नचिकेतने सोडले, कपड्यांवरून गुलाल घरात येतो म्हणून. ती तिघे पुढच्या खोलीत, रस्त्याला लागून, आणि मी मागच्या खोलीत, दार लावून, नाकात नळी घालून राणीसारखी.

या दिवाळीनंतरची गोष्ट. आर्या गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली. मैदानाच्या बाजूने पळत आली असावी. नकाशात नर्मदा दाखवता दाखवता तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटले, "अगं, खोक ना." तशी ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "तुझ्याजवळ नाही खोकायचं. खोकला आला की बाथरूममधे जायचं, नळ चालू करायचा आणि मग खोकायचं. मम्मीने बोललंय, आजीला पता नाही चालला पाहिजे."

मला त्या क्षणी आपण या घरात श्वास घेतो याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या तपासणीच्या निमित्ताने डॉक्टर सुरभींना गाठले. आर्याही त्यांच्याकडेच जाते, हे मला त्या दिवशी कळले. पावसाळा संपल्यापासून जाते आहे. तिचा श्वासाचा पंप स्वयंपाकघरात, मी पोचत नाही अशा वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे असतो. डॉक्टरांनी आधी टाळले, मग म्हणाल्या, "काकू, जी धूळ दिसते ना, ती तर नाकातच अडकते. न दिसणारी खरी प्रॉब्लम आहे. ती सीधी फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसते, आणि त्याहून बारीक असली तर रक्तात उतरते. मुलांचा तर श्वासच फास्ट, आणि फुप्फुस अजून वाढतंय. आता बिघडलं तर जन्मभर कमीच राहतं." मी विचारले, खोली बदलली तर? त्या म्हणाल्या, तिला फरक पडेल. आणि तुम्हालाही पडेल, पण उलटा.

घरी येऊन मी सांगितले, खोल्या बदलू या. आर्याला माझ्याजवळ घेणे जमत नाही. खाली अंथरूण पडत नाही आणि मशीनच्या घरघरीने पोर दचकून उठते, ते करून पाहिले आहे. नचिकेत ऐकेना. "आई, तू उगाच जिद करतेय. डॉक्टरने तुला ट्राफिकपासून दूर ठेवायला बोललंय ना? लहान मुलांचं काय, होतच राहतं. मोठी झाली की निघून जातं."

लहानपणी रात्र रात्र बसून काढलेल्या मुलाच्या तोंडून मी माझ्या सासूबाईंचे वाक्य ऐकले. आणि मागच्या खोलीत या वेळी मी होते.

नंतर वल्लरी एकटी भांडी आवरत असताना मी तिला विचारले, मला का नाही सांगितलेस? ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "कसं सांगणार, आई? खोली खाली करा म्हणायचं? म्हणजे तुमच्या जाण्याची वाट बघतोय, असंच झालं असतं ना."

ती खरे बोलली. ज्या खोलीचा ताबा फक्त मरणाने मिळतो ती मागायला कोणती सून तोंड उघडेल? सासूबाईंनाही कोणी मागितली नव्हती. मीसुद्धा नाही. त्या दुष्ट होत्या असे मी जन्मभर धरून चालले. त्या फक्त दार लावून झोपत होत्या. मी वेगळे काय करत होते? सुलोचनाबाई, तुमच्याविषयी मनात ठेवलेले सगळे मी इथे मागे घेते. आणि वल्लरीने माझ्याविषयी मनात काही धरले असेल, तर ते तिच्याकडेच राहू द्यावे. त्यावर तिचा हक्क आहे.

कलम ५. माझ्यासाठी लाकडे जाळू नयेत, विद्युतदाहिनीत न्यावे. दहा दिवस धूप, ऊद, उदबत्ती काही नको. मशीन डॉक्टर सुरभी सांगतील त्या रुग्णाला द्यावे. त्यांच्याकडे ते नसलेले लोक येतात.

कलम ६. मागची खोली आर्याची. तिने व वल्लरीने तिथे झोपावे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू आहे.

हे वाचून निधी म्हणाली, "मॅडम, असं नाही लिहिता येत. मृत्युपत्र तर मेल्यानंतरच चालू होतं ना." मी म्हटले, बाकीची कलमे थांबतील, हे थांबणारे नाही. तिला पटले नाही, पण तिने खोडलेही नाही. आज सकाळी नचिकेत कामावर गेल्यावर मी, वल्लरी आणि अरुंधतीबाईंचा ड्रायव्हर, अशा तिघांनी मशीन पुढे आणले. वल्लरी रडत होती आणि मशीनची वायर गुंडाळत होती. अडवले मात्र तिने नाही, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे. संध्याकाळी नचिकेत आरडाओरडा करील. त्याने हे कलम वाचावे.

येणेप्रमाणे लिहिले ते सर्व माझ्या मर्जीने लिहिले. खोकल्यामुळे दोन ठिकाणी अक्षर हलले आहे, ते माझेच समजावे.

सही : कुमुदिनी रघुवीर बोरगावकर

साक्षीदार :
१. अरुंधती मोघे, शेजारी. (यंत्र परत करीन. ते माहेरचेच आहे.)
२. डॉ. सुरभी देवळे. (रुग्णाने माझा सल्ला मानलेला नाही, याची नोंद करून सही करत आहे.)

दिनांक : १७ जानेवारी २०२५
ठिकाण : पुढची खोली, पलासिया, इंदूर