वास येऊ नये म्हणून

आई, आपली शेगडी गेली. दादांनी मंठ्याच्या लोहाराकडून अर्धा ड्रम कापून, त्याला चार पाय जोडून करून घेतलेली ती. माझ्या लग्नानंतर तूच मला देऊन टाकलीस. आजवर जालन्यात आमच्या परसात होती. मागच्या महिन्यात मीच ती भर पावसात फेकली अन् तिचा गंजलेला तळ निखळून पडला. मंग नवी घ्यायची ठरली. तुझा नातू म्हणायचा कोळशाचीच, चव तिच्यातच आहे. सूनबाई म्हणायची गॅसची, राख नको अन् काजळी नको. परवापर्यंत दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते, कारण मी दोन्हीला नको म्हणायचे अन् का नको ते सांगत नव्हते. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. अंगणवाडीत मी तीस वर्षं अहवाल लिहिले, पण आज या कागदावर पहिली ओळच दोनदा खोडली. तुला जाऊन बावीस वर्षं झाली तरी मला तुझी भीती वाटते, आता काय म्हणावं या बाईला!

तुझ्या गळ्यात तुळशीची माळ होती, म्हणून घरात मटण शिजायचं न्हाई. पण तुझ्या नवऱ्याला, आपल्या दादांना, रविवारी लागायचंच. शिलाईचं दुकान त्या दिवशी बंद, मंग सकाळपासून ते परसात. त्यांची पातेली वेगळी, ताट वेगळं, मिठाचा डबासुद्धा वेगळा, अन् हे सगळं गवऱ्यांच्या कोठीत ठेवलेलं. तू कधी अडवलं न्हाईस, पण वास मात्र तुझ्यापर्यंत यायला नको. वारा फिरला अन् वास स्वैपाकघरात शिरला की तू ताट बाजूला सरकवायचीस. एकदा दादा हसत म्हणाले, "अगं, देवाला नाक असतं का?" तू म्हणालीस, "देवाला नसंल, मला हाय." अन् त्या दिवशी तू जेवली न्हाईस. संध्याकाळीही न्हाई. मी भाकरीचा तुकडा मोडून तुझ्या तोंडाशी आणला तर माझ्या हातावर फटका बसला. "तू त्याच्यापाशी बसून आलीस ना? आधी आंघोळ कर," म्हणालीस. मी थंड पाण्यानं आंघोळ करून आले, तवर तू झोपल्तीस. मला वाटलं, आता आई उपाशी मरणार. दर रविवारी मला तीच भीती असायची. मटणाचा वास सुटला की मी आधी तुझं ताट बघायला पळायचे.

मंग तो माघातला रविवार. सकाळीच आभाळ भरून आलं अन् अवकाळी पाऊस सुरू झाला. दादांनी मटण आणलेलं, कोळसा पेटवलेला. ते शेगडी उचलून गवऱ्यांच्या कोठीत घेऊन गेले. कोठीला खिडकी न्हाई, वर पत्रा, एक दार. पावसाचा झोत आत येत होता म्हणून दादांनी दार लोटून घेतलं. तू स्वैपाकघरात भाकरी थापत होतीस अन् मी मधल्या पडवीत उभी. कोठीच्या दाराखाली चांगली चार बोटं फट होती. तिच्यातून वास यायला लागला अन् वारा बराबर तुझ्या चुलीकडं. पडवीत ओलं पोतं पडलं होतं. ते मी गुंडाळलं अन् दाराखालच्या फटीत पायानं दाबून दाबून बसवलं. हाताच्या बोटांनी कोपरेसुद्धा भरले. वास बंद झाला. मी आत येऊन तुझ्याजवळ बसले अन् तू जेवायला घेतलंस. दोन भाकरी खाल्ल्यास, वर ठेचा मागून घेतलास. "आज बरी भूक लागली," म्हणालीस. अजून ते वाक्य कानात आहे माझ्या. मंग पदराला हात पुसत तू म्हणालीस, "जा, दादाला भाकरी नेऊन दे."

मी दार ढकललं. जड लागलं, मंग आत गेलं, अन् दारासोबत पोतंही आत घसरत गेलं. दादा शेगडीशेजारी आडवे पडलेले. धूर न्हाई, जाळ न्हाई, काहीच न्हाई. नुसते लाल निखारे. त्यांचं तोंडही लालबुंद झालेलं, जसं काही ते रागावलेत. मी ओरडले की न्हाई ते मला आठवत न्हाई. तू धावत आलीस ते आठवतं, शेजारच्यांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं ते आठवतं, अन् ती भाकरी माझ्या हातात तशीच होती ते आठवतं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं अन् संपतं. दादा सहाव्या दिवशी शुद्धीवर आले. घरी आले ते मात्र आपले दादा न्हाईच. मापाचा आकडा ऐकून कात्री हातात घेईपर्यंत विसरायचे. डावी बाही उजवीकडं जोडायचे. बाजारातून घराचा रस्ता चुकायचा, मंग कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. दुकान वर्षभरात बंद झालं.

तू त्यांना एकदा विचारलंस, मी तिथंच होते. "दाराला पोतं कशाला लावलंत हो?" पोतं आतल्या बाजूला सापडलेलं, म्हणून सगळ्यांना वाटलं त्यांनीच लावलं. दादांनी आठवून बघितलं. मंग म्हणाले, "मीच लावलं असन. तुला वास जाऊ नये म्हणून." त्यांना बिचाऱ्यांना काय आठवणार! अन् माझ्या तोंडाला कुलूप. त्याच दिवशी तू गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यातल्या खिळ्याला टांगलीस. "माझ्या सोवळ्यापायी माझा नवरा गेला असता," म्हणालीस. पुढच्या रविवारी तू स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पातेल्यात, नाकाला पदर लावून कालवण केलंस. स्वतः कधी खाल्लं न्हाईस, पण माळ परत घातली न्हाईस. रोज सकाळी मी बघायचे, तू देव्हाऱ्यापुढं हात जोडायचीस अन् त्या खिळ्याकडं नजरसुद्धा न्यायची न्हाईस. मी एक शब्द बोलले असते तर माळ तुझ्या गळ्यात परत आली असती. पण तू मला काय म्हणशील, या भीतीनं माझी दातखीळ बसायची. नऊ वर्षांची होते तेव्हा ठीक आहे गं, पण तू गेलीस तेव्हा मी चाळिशीची बाई होते.

शेगडी तू मला दिलीस तेव्हा मी नको नको म्हणत होते. "लोखंडाचा काय दोष?" म्हणालीस. आता कळतं, तुला ती घरात बघवत नव्हती. मलाही बघवत नव्हती, पण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मंग ठेवली. इतकी वर्षं पोरं तिच्यावर कणसं भाजतात, वांगी भाजतात, रविवारी कोंबडी भाजतात, अन् मी खुर्ची टाकून उघड्यावर राखण करत बसते. पोरं हसतात, म्हणतात आजी शेगडीची वॉचमन आहे. तू गेल्यावर ती खिळ्यावरची माळ मी घातली. लोक म्हणाले, आईचं पुण्य पोरीनं घेतलं. कसलं पुण्य अन् कसलं काय! भक्तीनं न्हाई, भीतीनं घातली. वाटलं, तेवढी तरी भरपाई.

अन् बघ, हात दाखवून अवलक्षण. मी माळ घातली म्हणून आता माझ्या घरात सगळे जपायला लागले, की आजीला वास जायला नको. गेल्या वर्षी तुझ्या नातवानं परसावर पत्रा टाकला, बाजूनं माकडांसाठी जाळी लावली. मागच्या महिन्यात तशीच अवकाळी सर आली. रविवार होता, मला कणकण होती म्हणून मी खोलीत पडले होते. त्यांनी जाळीवर प्लॅस्टिक सोडलं अन् आत शेगडी पेटवली. मला हे काही माहीत न्हाई. मी पडल्या पडल्या वाट बघत होते. दर रविवारी खोलीत थोडा तरी वास येतोच. मी नाक दाबते, पण येतो. त्या दिवशी आलाच न्हाई. आई, वास आला न्हाई म्हणून मी उठले. परसाच्या दाराशी आले तर खाली टॉवेल. ओला, गुंडाळून, कोपऱ्यांपर्यंत नीट दाबून बसवलेला. अन् दारापाशी तुझी पणती उभी, नऊ वर्षांची, शहाण्यासारखं हसत. "आजी, तुला वास येऊ नये म्हणून मी लावला."

मंग मी काय केलं ते मला लोकांनी सांगितलं. दार उघडलं, प्लॅस्टिक ओढून फाडलं, पेटती शेगडी दोन्ही हातांनी उचलून बाहेर पावसात फेकली. तळवे भाजले. पोरगा स्टुलावर कपाळ दाबून बसला होता, म्हणत होता, "दुपारपासनं डोकंच दुखून राह्यलं." सूनबाई भिंतीला टेकलेली. मी किंचाळत होते म्हणे, "पोतं काढा, पोतं काढा!" कुणाला काही कळेना. पोरगा नंतर म्हणाला, "आई, टॉवेल होता तो. अन् एवढं काय झाल्तं?" दोघं तासाभरानं बरे झाले. मी अजून झाले न्हाई.

परवा मला घेऊन दुकानात गेले. जालन्यातलंच दुकान, मालक ओळखीचे, वयानं माझ्याएवढेच. समोर दोन ठेवल्या, एक काळी कोळशाची, एक चकचकीत गॅसची. गॅसचीही मला भीती कमी न्हाई. ती नळी, ती टाकी, तो फुस्स आवाज. मी नुसती उभी. मालक म्हणाले, "बाई, आरामात बघा, जल्दी न्हाई. गॅसला कंपनीच वास टाकते. थोडा सुटला तरी नाकाला कळतं. कोयल्याचं जहर नाकाला कळत न्हाई. पण एक ध्यानात ठेवा, हे घ्या का ते घ्या, दार बंद करून बिलकुल पेटवायचं न्हाई. दोन्ही सारखेच." पोरगा म्हणाला, "बोल आई, कोणती?" मला तेव्हा उमगलं की शेगडी कोणतीही आणली तरी माझी भीती घरी बसलेलीच आहे. टॉवेल लावणारं लेकरू घरात, त्याला का लावायचा न्हाई ते माहीत न्हाई, अन् ज्या बाईला माहीत आहे ती गप्प. मी म्हणाले, "उद्या सांगते." रिकाम्या हातानं परत आलो.

घरी आले तर तुझी पणती माझ्या खोलीत येऊन उभी राह्यली. महिनाभर ती माझ्याशी धड बोललेली नव्हती, मला वाटलं रुसलीय. ती म्हणाली, "आजी, माझ्यामुळं पप्पा मरणार होते का?" म्हणजे हे लेकरू महिनाभर हेच घेऊन झोपत होतं! मला नऊ वर्षांचीला कुणी विचारलं नव्हतं. ही निदान विचारून राह्यली. मी तिला मांडीवर घेतलं अन् सांगितलं. पाऊस, कोठी, पोतं, तुझ्या दोन भाकऱ्या, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "तुझी आई रागावली का?"

"तिला माहीतच न्हाई."

"तू सांगितलंच न्हाई?"

"न्हाई."

"मंग तू अजून घाबरून राह्यली का?"

काय सांगू तिला! हो म्हणाले. ती म्हणाली, "मंग सांगून टाक ना."

संध्याकाळी पोराला अन् सुनेला समोर बसवून सांगितलं. पोरगा उठून माझ्या भाजलेल्या तळव्यांना मलम लावत बसला. सकाळी त्यानं परसावरचा पत्रा स्वतःच्या हातानं काढला. शेगडी गॅसची आणली, मीच सांगितलं. ज्याचा वास येतो ते घ्या, म्हणाले. काल रविवार होता. उघड्यावर भाजत होते अन् वास सरळ माझ्या खोलीत. पणती दारातून डोकावून बघत होती, आजी ताट सरकवते की काय. माझ्या गळ्यात तुझी माळ, समोर वरण-भाकरी, अन् नाकात तो वास. मी जेवले. सगळं ताट संपवलं. तिला दाखवलं.

तुला मात्र सगळ्यांच्या नंतर सांगून राह्यले, अन् तेही अशा कागदावर, जो कुठल्या पेटीत टाकायचा तेच मला माहीत न्हाई. पोतं मी लावलं होतं, आई. दादांनी न्हाई, तुझ्या माळेनं न्हाई.

अन् एक राह्यलंच. ते पोतं दाबताना मला फार बरं वाटलं होतं. वाटलं होतं, आज आई जेवणार.