सारख्या शंखांच्या दोघी

अहो,

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, खोकलाही गेला. तुमचे गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत ना?

माझ्या प्रबंधात त्या दोन समुद्री गोगलगायींना मी सख्ख्या बहिणी ठरवलं होतं, शंख हुबेहूब म्हणून. इथल्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकं तपासली, तर नातं फार लांबचं निघालं. मला पटेना. मग खडकातले जीवाश्म पाहिले: एकीचे पूर्वज उंच, निमुळते, दुसरीचे चपटे. लाटांचा मार सोसून दोघींचे शंख सारखे घडले, इतकंच.

प्रयोगशाळेची प्रमुख आपल्या लेकीच्या वयाची. चाचरत म्हणाली, "बाई, या दुरुस्तीच्या नव्या लेखातून तुमचं नाव गाळू का?"

"का गं? चूक करताना नाव होतं, निस्तरताना लपवू?"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता जेवते.

तुम्ही दोन बोटांनी तो प्रबंध टाइप केला होतात, म्हणून आधी तुम्हाला कळवते. लेक अजून वर्गात तोच शिकवते. तिला म्हणावं, आई चुकली असं मुलांना स्पष्ट सांग. मीच तिला फोन केला असता, पण माझा आवाज नीट राहिला नसता.

उत्तर लगेच लिहा.

तुमचीच