दोनशे नऊ नंबरचा बिल्ला

२ डिसेंबर, कानपूर

पोचले एकदाची! कल्याणहून सुटलेली गाडी चांगलीच रखडत आली, पण कंपनीच्या खर्चाने खोपोलीबाहेर पडायला मिळालंय म्हटल्यावर मी त्या रखडण्याचंसुद्धा कौतुक करायला तयार आहे. स्टेशनबाहेर मातीच्या कुल्हडातला चहा घेतला, मलई-मक्खन नावाचा गोड फेस खाल्ला आणि लगेच दुसरा मागितला. थंडी अशी की नाक जागेवर आहे ना, हे चाचपून बघावं लागतं.

लोक उत्तरेत ताजमहाल बघायला येतात, मी आलेय गंजकी टाकी बघायला. आमच्या कारखान्यात चिंध्या उकळून कागद करतात. उकळायची टाकी गळायला लागलीय, आणि नवीचा विषय काढला की आमचे मालक देवेशशेठ छातीत कळ आल्यासारखा चेहरा करतात. इथल्या एका बंद कापड गिरणीत जुनी टाकी विकायला आहे. ती पारखायची, सौदा करायचा आणि परत. यंत्रांच्या बाबतीत विनिता फसत नाही असं शेठ सगळ्यांना सांगतात, तेव्हा आता फसून चालणार नाही.

३ डिसेंबर, कानपूर

केवढी गिरणी! लाल विटांच्या भिंती, चिमणीवर उगवलेला पिंपळ, आत नुसती कबुतरं. एके काळी इथल्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं म्हणे. राखणदार शिवबरन हे सांगताना असा ताठ होतो की भोंगा आत्ताच वाजणार आहे.

टाकी मात्र झकास. दोन पुरुष उंच, जाड पत्र्याची. वर माणूस उतरेल एवढं तोंड, त्यावर बोल्टांनी आवळायचं झाकण. आत तळाशी जाळी. इथे कापड कॉस्टिक सोड्यात उकळून पांढरं करायचे; ते भरताना दाबून बसवायला माणसं आत उतरायची. त्यासाठी इथली एक पद्धत होती, ती मला फार आवडली. टाकीशेजारच्या भिंतीवर खुंट्यांची फळी आहे. आत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. खुंट्या रिकाम्या असल्याशिवाय झाकण लावायचं नाही. घरी जाताना तोच बिल्ला फाटकावर दाखवायचा, नाहीतर बाहेर सोडत नसत. कागद नको, सही नको. आमच्याकडे हे का नाही?

सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या, एक सोडून. त्या खुंटीवर बिल्ला आहे, नंबर दोनशे नऊ.

शिवबरनने सांगितलं, तो बदलूचा. गिरणी बंद व्हायच्या आधीच्या घाईत कुणीतरी म्हणालं की बदलू मागे लघवीला गेलाय. बिल्ला दिसत असूनही झाकण लावलं. वाफ सोडली. नंतर उघडलं तर आत बदलू नाही, कपडे नाहीत, हाडं नाहीत. नुसतं कापड, पांढरंशुभ्र. पोलिसांनी पळून गेला असं लिहिलं. पण बिल्ला खाली उतरला नाही, म्हणजे गिरणीच्या हिशेबी बदलू अजून कामावर आहे.

४ डिसेंबर, कानपूर

सौदा झाला. शिवबरनची एकच विनंती होती. टाकी न्या, पण फळी आणि बिल्ला राहू द्या. कारण रामकली. ती बदलूची बायको. रोज पाळी सुटायच्या वेळेला येते, बिल्ला बघते आणि जाते. आजही आली. वाकलेली, भांगात भरपूर शेंदूर. बिल्ल्याकडे बघून मान हलवली, नवऱ्याला उशीर होणार हे कळल्यावर बायका हलवतात तशी. मला म्हणाली की तो वर आला की मगच त्याच्यासाठी पुऱ्या तळायच्या असं तिने ठरवलंय. थंड पुऱ्या त्याला आवडत नाहीत.

मी शिवबरनला शब्द दिला, कशालाही हात लावणार नाही.

आणि निघताना, तो फाटक उघडायला पुढे गेला तेव्हा, मी बिल्ला काढला. का? पितळ काय सुंदर आहे! आमच्याकडे असे बिल्ले करायचे तर नमुना नको का? आठवड्याभरात कुरिअरने परत पाठवेन. म्हातारीला दिसतं तरी कितीसं, असंही मनात आलं. हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

८ डिसेंबर, खोपोली

घाट उतरताना बरं वाटलं. आपली हवा ती आपली हवा. कारखान्यात सगळ्यांना बिल्ला दाखवला. पत्र्याचे तसेच कापून घेतले, फळी ठोकली, नियम सांगितला. नामाला पटला. तो जवळच्या चौक गावचा, आमचा सगळ्यात जुना फिटर. म्हणाला, “लय ब्येस, ताई. खुंटी रिकामी म्हंजे आत कोन नाय. डोक्याला ताप नाय.” मी खूश.

दुपारी शिवबरनचा फोन आला. मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी रामकलीने रिकामी खुंटी पाहिली. रडली नाही. हसली, गल्लीत बत्तासे वाटले, घरी जाऊन कढई चढवली. आता दारात बसून आहे. तो आला की बरोबर जेवणार. तोपर्यंत फक्त पाणी.

त्याने विचारलं, बिल्ला मी पाहिला का. मी नाही म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

११ डिसेंबर

टाकी आली. नामा आत उतरून घासून आला. त्याचा निळा डगला वर येईस्तोवर पांढराफटक झाला होता. तो म्हणाला, जुना सोडा राहिला असेल आत. मीही तेच म्हणाले. पण टाकी कोरडी होती.

घरी आले तर दोरीवरचा माझा जांभळा कुर्ता पांढरा. कॉस्टिकचा आणि शिजलेल्या कापडाचा वास. उंबऱ्याशी ओल्या पावलांचे ठसे, आत न आलेले. भरदुपारी.

१२ डिसेंबर

शिवबरनला कामावरून काढलं. गिरणीच्या मालकांचं म्हणणं, बिल्ला त्यानेच भंगारात विकला. फोनवर त्याने मला दोष दिला नाही. उलट एवढंच म्हणाला की रामकलीला समजवायला कुणीतरी हवं, ती उठत नाही, पुऱ्या रोज नव्याने तळते आणि खात नाही.

मी कुरिअरवाल्याकडे गेले. त्याने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. परत आले. शेठ काय म्हणतील, लोक काय म्हणतील, चोर म्हणतील. एक म्हातारी तिकडे उपाशी आहे आणि मी माझ्या नावाला जपतेय. मला माझीच किळस येतेय.

१३ डिसेंबर

आज दिसला. जेवायला बसले होते. दारात उभा. सगळा पांढरा, केस, भुवया, ओठ, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा सुरकुतलेला. चेहऱ्यावर राग नाही. तळहात पुढे केलेला. फाटकावर उभ्या राहिलेल्या कामगारासारखा.

त्याला घरी जायचंय. बिल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

बिल्ला माझ्या पर्समध्ये होता. उठून त्या हातावर ठेवायचा, एवढंच काम होतं. मी ताट टाकून आतल्या खोलीत पळाले.

१४ डिसेंबर

कारखान्यात, माझ्या टेबलाशी. कुणालाच दिसत नाही. हात तसाच पुढे. जमिनीवर पाणी. नामाने फडक्याने पुसलं, म्हणाला, “पंप गळतोय जनू.”

शिवबरनचा फोन. रामकली आता बसूनही राहू शकत नाही. पडून आहे, डोळे दाराकडे. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि — नाही जमलं. तब्येतीला जपा म्हणाले. हे मी म्हणाले!

१५ डिसेंबर

ठरवलं. त्याच्या हातावर ठेवायचं धाडस नाही. पण बिल्ला खुंटीवर अडकवते. ज्याचा त्याने आपल्या हाताने काढायचा, हाच तर नियम. काढू दे, जाऊ दे घरी. त्यानंतर शिवबरनच्या मालकांना फोन करेन. खरंच करेन.

आज वाफेची चाचणी आहे. मंडळी चहाला गेलीत. बिल्ला अडकवला.

टाकीच्या तळाची जाडी मोजायची राहिलीय, तेवढ्यात ते उरकते. माझा पत्र्याचा बिल्ला कपाटात आहे, कोण आणायला जाणार. खुंटीवर एक आहेच, झाकण कोणी लावणार नाही.

आतच आहे. वही मापं टिपायला आणली. जाळीखाली सरपटत आलेय, बॅटरी तोंडात धरून. डावीकडे पत्रा ठीक. उजवीकडे जरा —

बाहेर आवाज. पितळ खुंटीवर घासल्याचा, हलका. मग ओली पावलं, लांब जाणारी. वास गेला. एकदम गेला.

गेला तो! निघाला घरी. रामकली जेवेल आता. मला रडू येतंय, इतकं हलकं वाटतंय —

कंप्रेसर सुरू झाला. मंडळी आली वाटतं.

शिडी वर ओढली. जाळीखालून निघेपर्यंत — ओरडले. कंप्रेसरपुढे माझंच मला ऐकू येत नाही. वर गोल उजेड आहे, त्यात नामाचं डोकं. त्याने फळीकडे बघितलं. नीट बघितलं. त्याचा आवाज मोठा, तो येतो खाली —

“खुंटी रिकामी हाय. आत कोन नाय. लाव रं झाकान.”

बॅटरी मारतेय, वर उन्हात दिसत नसणार. उजेड अर्धा —

गेला. बोल्ट आवळतायत.

पत्रा ठोकतेय. हात पांढरे दिसतात —

पाइपात वाफेचा सूं सूं आवाज येतोय. लवकर लिहिते. नामाला कुणी बोल लावू नका. त्याने नियम पाळला. शिवबरनचाही दोष नाही, त्याला कामावर घ्या, बिल्ला मी —