पिंप मी ओतलं

सोमवार, संध्याकाळ

मी सांगते ते लिहायच्या आधी वहीत वार टाकलास का, नातीबाई? काल विसरलीस, अन् विसराळू म्हणे म्हातारी.

आजबी गॅस पेटला न्हाई. मक्याची ताटं लवकर कुजावीत म्हणून तुझी आई ती पिंपात चुन्याच्या पाण्यात भिजवते, चुन्यानं गॅस मरतो म्हणून धुते, मग गोबरगॅसच्या टाकीत सोडते. गॅस विझला तसा तुझा बाप तिलाच बोलला, "बंद कर तुझे प्रयोग." ती गुमान लोणीला माहेरी गेली.

पण ते पिंप मी ओतलं व्हतं. न धुता, चुन्याच्या पाण्यासकट. तिला मदत म्हणून.

थांबलीस का? लिही. एरवी माझी जीभ आवरत न्हाई, तुझा बाप तिला बोलला तवाच कशी गप बसली?

उद्या हे पान तुझ्या बापाला माझ्यासमोर वाचून दाखव. तो तिला आणायला निघाला की त्याच्यासंगं तिला मासवड्या पाठव. रस्सा वेगळ्या डब्यात.