मंदाची मिशरी

१० डिसेंबर २००३, कात्रज

आज लिफ्टमध्ये बोलायला नको होतं. नाही, बरंच झालं बोललो. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात मी लिफ्टमन. डॉक्टरीणबाईंनी बायकोची चौकशी केली. म्हटलं, मंदा माहेरी आहे, सातवा लागलाय, मजेत आहे, फक्त मिशरी सुटत नाही.

"वा! म्हणजे बाळाला पोटातच उपास घडवताय," बाई म्हणाल्या. तंबाखू ओढा नाहीतर दातांना लावा, बाळ वजनाला हलकं राहतं आणि आजारपणं मागे लागतात.

हलकं! आमच्या सासूबाई तर म्हणतात, बाळ बारीक असलं की सुटका सोपी. आणि मी शहाणा, दर खेपेला मंडईतून भाजायला चांगली तंबाखू नेऊन देतो.

सुटी होताच बूथवरून मंदाला फोन लावला, म्हटलं, मिशरी सोड.

"अहो, तुम्ही तिकडं बिड्या फुंकायच्या आणि मी मिशरी सोडायची?"

"मीही सोडतो. शपथ."

"मग सोडली," म्हणाली. एवढ्या पटकन! मी खूश. तेवढ्यात हळूच म्हणते, "पण मिशरीशिवाय मला सकाळी परसाकडं होत नाही, त्याला काय करू?"

आता हे बाईंना कसं विचारू? लिफ्टमध्ये माणसं असतात. पण विचारणार. भरल्या लिफ्टमध्ये विचारणार.