मंगळवार-गुरुवारचा पाय

१० सप्टेंबर, मंगळवार

एकसष्ट! पहिल्या दिवशी सत्तर होते. म्हणजे शंभरातलं एकसष्ट काम यंत्र करतं, उरलेलं माझा डावा पाय. गारमनं पडद्यावरचा आकडा दाखवला आणि माझ्यापेक्षा तीच खुशीत. मी म्हटलं, बाई गं, परीक्षा माझी की तुझी? तर म्हणाली, "दोघींची, मावशी."

खरंच आहे ते. यंत्र विद्यापीठाचं, पण त्याचं डोकं गारमनं लिहिलंय. पाय जितका कमी पडेल तितकंच यंत्रानं उचलायचं, पाय सुधारला की आपलं आपण मागे सरायचं. यावर तिची डॉक्टरेट. त्यासाठी आम्ही आठ जण, सगळे लकवा मारून गेलेले. नोव्हेंबरअखेर परीक्षक बसणार.

कमरेला पट्टा, मांडीला पट्टा, पोटरीला पट्टा. नुसतं बांधायलाच वीस मिनिटं. मी त्याचं नाव जावई ठेवलंय. इतके लाड दुसऱ्या कुणाचे होतात! आता तिथली सगळी पोरं त्याला जावईच म्हणतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पंचावन्न. आंबवलेल्या मुळ्याची तिखट किमची नेली होती. डबा चाटूनपुसून परत आला. सत्तावीस वर्षं शाळेच्या खानावळीत सहाशे पोरांना वाढलं, रिकामा डबा बघितला की अजून बरं वाटतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

छुसक. एवढा मोठा सण, आणि पोरगा इन्सोक आला नाही. उल्सानहून गाड्यांना गर्दी, धाकट्याला ताप, सुनेची कामाची पाळी बदलली — तीन कारणं सांगितली. एक सांगितलं असतं तर मी खरं मानलं असतं.

ह्यांच्या नावाचं ताट एकटीनं मांडलं. गुडघा टेकवता येत नाही, म्हणून उभ्यानंच वाकले. तांदळाचे गोळे केले होते, चार खाल्ले, बाकीचे बर्फात टाकले. मंगळवार असून आज कुठं जायचं नाही. दिवस संपता संपेना.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अडतीस.

आज यॉमभाऊंचं संपलं. टॅक्सी चालवायचे, आठांतले सगळ्यात बडबडे. नियम असा, की सलग दोन खेपा आकडा वीसच्या खाली आला की माणूस पास. फुलांचा गुच्छ, सगळ्यांबरोबर फोटो, आणि गारमचे प्राध्यापक प्यो स्वतः लिफ्टपर्यंत पोचवायला जातात. मग यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतात.

सगळे टाळ्या वाजवत होते. यॉमभाऊ लिफ्टमध्ये शिरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मंगळवारी मी करू काय?" लोक हसले. ते हसत नव्हते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

एकतीस. असंच चाललं तर महिनाअखेर मलाही गुच्छ.

काल दिवसभरात माझ्याशी कोण बोललं ते आठवत बसले. लिफ्ट बोलली, दार बंद होतंय. मग भाताचा कुकर म्हणाला, भात तयार आहे, ढवळून घ्या. मी त्याला "बरं" म्हटलं! मोठ्यानं. मग माझी मलाच लाज वाटली.

खाली म्हाताऱ्यांच्या मंडळात जाता येईल. पण तिथं पत्ते खेळताना बायका माझ्या डाव्या हाताकडे बघतात आणि माझी पानं लावून द्यायला धावतात. नको ती दया.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गंमत झाली. गारमला खानावळीतली गोष्ट सांगत चालत होते — एकदा सहाशे पोरांच्या रश्श्यात मी मिठाऐवजी साखर घातली होती आणि हेडमास्तर दोन वाट्या प्याले. तिला हसवण्याच्या नादात मी पाय उचलायचा विसरले. जावयानं निमूटपणे उचलला. आकडा थेट चाळीस!

मला वाटलं पोरगी हिरमुसेल. पण म्हणाली, दमला असाल, घाई नाही, तुम्ही येत राहा.

येत राहा. बसमध्ये बसून तेच दोन शब्द घोळवत होते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज मुद्दाम केलं. खरं तेच लिहिते, इथं कोण वाचतंय?

अवघड काही नाही. टाच सुटायच्या वेळी मांडी सैल सोडायची. क्षणभर पाय लोंबतो, मग मोटार घुं करते आणि पाय वर. सत्तेचाळीस. कुणाचं नुकसान केलं मी? यादीतला माणूस दोन आठवडे उशिरा येईल, इतकंच.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

त्रेपन्न. लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

घरीही तसाच ओढत चालते आता, नाहीतर तिथं गेल्यावर चुकून नीट पडायचा पाय. बाजारात जायला चारचाकी ढकलगाडी घेतली, वरच्या मजल्यावरच्या बाईसारखी. तिच्यावर भार टाकला की बरं पडतं. भाजीवाली म्हणाली, अगं माल्सुनताई, गेल्या महिन्यात तर काठीनं यायचीस. मी म्हटलं, थंडी.

आज स्नायू मोजायच्या चकत्या मांडीला चिकटवून बघितलं. गारम म्हणाली, स्नायू गप्प आहे, हलतच नाही. प्राध्यापकांनी येऊन विचारलं, दुखतंय का कुठं? ठीक आहे, ठीक आहे, म्हटलं. आमच्या पिढीला दुसरं येतं काय?

२९ ऑक्टोबर, मंगळवार

अठ्ठावन्न.

आज डबा द्यायला आतल्या खोलीकडे गेले तर दार उघडं होतं. प्राध्यापक प्यो ओरडत नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत होते, की सात जणांचे आकडे खाली आलेत हे खरं, पण एका बाईचा पाय या पद्धतीनं बिघडत असेल तर परीक्षक बाकीचं बघणारच नाहीत. सगळं पुन्हा तपास, पुढच्या वर्षी बसू. गारम हो सर, हो सर म्हणत होती. सात वर्षं झाली तिला इथं. बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या.

नंतर तिनं माझे पट्टे सोडले आणि ते तसेच हातात धरून बसली. म्हणाली, "मावशी, माफ करा. माझ्या यंत्रानं तुमचा पाय बिघडवला." आणि डोकं खाली घालून माझी माफी मागितली. माझी!

मी डबा तिथंच ठेवून आले. 

५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगायचं ठरवून गेले होते. नाही सांगितलं. साठ.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पोरगी वाळलीय. गेल्या खेपेचा डबा जसाच्या तसा होता, तीळपानांचं लोणचं वरून सुकलेलं. सारखी यंत्राच्या डोक्यात फेरफार करते, मला चालवते, पुन्हा करते. चूक नाहीच तर सापडणार कुठून? आणि मी तिच्यासमोर पाय लोंबवत चालते. किती नीच बाई आहे मी.

पण सांगितलं तर काय? हाकलून देतील. देऊ देत म्हणते, आणि मंगळवार आठवतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गेले नाही. सर्दी आहे असं कळवलं. दिवसभर खिडकीत.

गारमचा फोन आला, औषध घेतलं का विचारायला. मग चाचरत म्हणाली, रविवारी तुमचं किमजांग असेल ना, हिवाळाभराची किमची घालायचं, एका हातानं वीस गड्डे कोबी कसा होणार, मी येते.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

ती नऊलाच आली, ढगळ विजार घालून. आजीकडे दरवर्षी करायचे म्हणाली, पण मीठ किती चोळायचं ते काही येत नव्हतं. मी खालून तापवलेल्या फरशीवर बसून मसाला कालवत होते आणि ती पानापानात भरत होती. कोपरापर्यंत लाल हातमोजे. इन्सोकची बायको या घरात एकदाही अशी बसलेली नाही. आणि मला आतून भरून आलं, की या पोरीचं आपण काय करून ठेवलंय!

म्हणून सांगून टाकलं. पाय बिघडलेला नाही. मी ढोंग करते. पंधरा ऑक्टोबरपासून.

ती भरत राहिली. दोन-तीन गड्डे भरून झाले. मग थांबून म्हणाली, "म्हणजे यंत्र बरोबर होतं?" मी म्हटलं, बरोबर होतं गं बाई, तुझ्या यंत्रात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे. तशी तिथंच बसून रडायला लागली. डोळे पुसायला गेली तर तिखटाचे हात! मी ओरडले, तिला न्हाणीघरात नेऊन डोळे धुतले. लाल डोळ्यांनी तिनं विचारलं, का.

मी म्हटलं, "मंगळवार आणि गुरुवारसाठी."

ती रागावली. रागवायलाच हवं होतं. म्हणाली, तीन आठवडे मी झोपलेली नाही, मला वाटत होतं मी एका माणसाला अपंग केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग मी उकडलेलं डुकराचं मांस कापून ताज्या पानात गुंडाळून तिच्यापुढे धरलं. तिनं खाल्लं. मग दोन वाट्या भात खाल्ला. किती दिवसांनी खात होती कोण जाणे.

जाताना सगळं ठरवलं तिनं. मंगळवारी प्राध्यापकांसमोर मी खरं चालायचं. आकडा पुन्हा तिशीपर्यंत आला की जे झालं ते स्वच्छ लिहून परीक्षकांपुढे ठेवता येईल, तारीखही पुढच्या वर्षावर जाणार नाही. आणि दारात बूट घालताना म्हणाली, पास झालात तरी मंगळवारी यायचं हं मावशी, डबा घेऊन. जावयाला बघायला.

इतकं साधं होतं! विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कुकर बोलला तेव्हा मी गात होते. उद्या तिशीच्या आत आणते की नाही बघा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

एकोणसाठ.

जीव तोडून चालले. ओठ चावला, रक्त आलं. आज ढोंग नव्हतं, मांडी सैल सोडली नव्हती, उचल उचल म्हणत होते आणि महिनाभर लोंबवलेला पाय उचलतच नव्हता. जावयानंच उचलला. पुन्हा चालवलं. साठ. पुन्हा. एकोणसाठ. प्राध्यापक निघून गेले.

गारमनं एकेक पट्टा सोडला. वर बघितलं नाही. हळूच म्हणाली, "मावशी, आज तरी खरं चालायचं होतं."